अहिर : गोड्या पाण्यात वाढणारा खोल समुद्राचा मासा

विद्यार्थी मित्रांनो, कोरपना तालुक्यातल्या माणसाला समुद्र पाहायचा असेल तर पूर्वेला जा की पश्चिमेला, कित्येक शे किलोमीटरांचा प्रवास ठरलेला. समुद्राचा जुना तळ मात्र त्याच्या पायाखालीच आहे. गडचांदूर, आवारपूर या भागांत सिमेंटसाठी जी चुनखडी खणतात, ती सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या एका समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. भूशास्त्रज्ञ त्या खडकांना आपल्याच पैनगंगा नदीचे नाव देतात. त्या समुद्रात मासा मात्र एकही नव्हता. मासे पृथ्वीवर यायला अजून कोट्यवधी वर्षे होती.

आज आपल्या जिल्ह्याचा समुद्राशी जो संबंध उरला आहे, तो नदीच्या वाटेने. या लेखात अशा एका माशाची ओळख करून घेऊ, जो ही वाट आयुष्यात दोनदा चालतो. येताना तो बोटाहून लहान असतो, जाताना मीटरभराहून लांब.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. अकरावीचा एक विद्यार्थी बादलीत सापासारखा लांब मासा घेऊन प्रयोगशाळेत आला. "सर, ही ईल आहे ना? हिच्यात वीज असते म्हणतात, मोजून पाहू या?" व्होल्टमीटर हातात घेण्याआधी मी त्याला माशाच्या पाठीवरून, शेपटीकडून डोक्याकडे, बोट फिरवायला सांगितले. त्याने बोट झटकन मागे घेतले. पाठीवर बारीक, टोकदार काट्यांची रांग होती. ही आपली नेहमीची वाम. कोणी तिला बाम म्हणतात, कोणी वांब. चंद्रपूरच्या बाजारात ती हमखास दिसते, चवीलाही चांगली. पण शरीर लांबट असले तरी ती खरी ईल नव्हे, तिचे कूळच वेगळे. आणि वीज निर्माण करणारी जी 'ईल' पुस्तकात असते, ती दक्षिण अमेरिकेतली, आणि तीही खरी ईल नव्हे. नावांनी केलेला हा घोटाळा सगळ्या भाषांत आहे.

मग खरी ईल कोणती? भारताच्या नद्यांत आढळणाऱ्या खऱ्या ईलला मराठीत अहिर म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव अँग्विला बेंगालेन्सिस. कोकणातल्या नद्यांत आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांत ती सापडते, गोदावरीच्या खोऱ्यातही तिची नोंद आहे. अहिराच्या पाठीवर काटे नसतात. पाठीवरचा पर, शेपटीचा पर आणि पोटाखालचा मागचा पर हे तिन्ही एकमेकांना जुळून एकच अखंड झालर होते. पोटाखाली इतर माशांना असते ती पुढची परांची जोडी अहिराला नसतेच. खवले इतके बारीक व कातडीत रुतलेले असतात, की हाताला फक्त बुळबुळीतपणा जाणवतो. अंगावर पिवळसर तपकिरी रंगात गडद ठिपक्यांची नक्षी असते. दिवसा दगडांच्या कपारीत बसायचे आणि रात्री बाहेर पडून खेकडे, झिंगे, लहान मासे, बेडूक खायचे, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षे चालतो. या वर्णनावरून अहिर हा नदीचाच मासा वाटतो. पण नदीत अहिराचे अंडे आजवर कोणालाही सापडलेले नाही, आणि सापडणारही नाही.

ईलची पिले कोठून येतात, या प्रश्नाने फार मोठमोठ्या माणसांना दमवले आहे. युरोपातल्या नद्यांत ईल भरपूर असूनही कोणाला अंडी भरलेली मादी दिसत नसे. ॲरिस्टॉटलने ती चिखलातून आपोआप उपजते असे लिहून टाकले. पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइडने तरुणपणी, १८७६ साली, नराचे जननेंद्रिय शोधण्यासाठी सुमारे चारशे ईल फाडल्या. हाती फारसे काही लागले नाही, हे त्याने मानसशास्त्राकडे वळण्याचे कारण नसावे.

कोडे सुटायला सुरुवात झाली ती समुद्रातल्या एका वेगळ्याच प्राण्यापासून. विड्याच्या पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक आणि इवल्याशा डोक्याचा हा मासा स्वतंत्र जात म्हणून पुस्तकात नोंदला गेला होता. इटलीच्या ग्रासी आणि कालांद्रुच्चो या दोघांनी तो पाण्याच्या टाकीत पाळला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर पानाची ईल झाली! १८९६ साली हे प्रसिद्ध झाले. तो ईलचा डिंभ होता. सुरवंट आणि फुलपाखरू यांत जसे साम्य दिसत नाही, तसेच इथे.

मग डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी एक साधा तर्क लढवला. डिंभ रोज थोडा वाढतो व प्रवाहाबरोबर वाहतो. तेव्हा जितका डिंभ लहान, तितके जन्मस्थान जवळ. १९०४ साली त्यांना पहिला डिंभ अटलांटिक महासागरात मिळाला. त्यानंतर सुमारे अठरा वर्षे ते महासागरात जाळी ओढत राहिले व दर ठिकाणच्या डिंभांची लांबी नकाशावर मांडत गेले. लहान, अजून लहान, असे करत ते सारगासो समुद्रापाशी पोहोचले. युरोपच्या नद्यांतली ईल हजारो किलोमीटर दूर तिथे जन्मते. मित्रांनो, या शोधात महागडे उपकरण एकही नव्हते. एक जाळे, एक मोजपट्टी आणि कमालीची चिकाटी.

याच श्मिट यांच्या 'डाना' जहाजाने १९२८ ते १९३० या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यात हिंदी महासागरही आला. त्या सफरीत जमा झालेल्या ईल-डिंभांचा अभ्यास येस्पर्सन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला. त्यावरून सुमात्राच्या पश्चिमेला, मेंतावाई बेटांजवळच्या खोल समुद्रात हिंदी महासागरातल्या ईलचे एक जन्मस्थान असावे, असा अंदाज बांधला गेला. अहिर भारतापासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरलेला असल्याने अशी ठिकाणे एकाहून अधिकही असू शकतील. जपानी ईलच्या बाबतीत मात्र पुरावा थेट हाती आला आहे. जपानच्या शास्त्रज्ञांनी २००९ सालच्या मे महिन्यात मारियाना बेटांच्या पश्चिमेला भर महासागरात तिची ३१ अंडी पकडली. महासागर केवढा, अंडे किती! दीड मिलिमीटरच्या आसपासची ३१ अंडी. अहिराच्या अंड्यांचा शोध लावणारा माणूस अजून व्हायचा आहे.

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येऊ. अहिर समुद्रात जन्मतो एवढ्यावरून त्याला खोल समुद्राचा मासा म्हणावे का? २०१० साली ईलच्या निरनिराळ्या कुळांतील जनुकीय द्रव्याची तुलना प्रसिद्ध झाली. नदीतल्या ईलचे सर्वांत जवळचे नातलग उथळ किनाऱ्यावरच्या ईल असतील असे कोणालाही वाटावे. पण निघाले भलतेच. तिचे सख्खे भाऊबंद खोल समुद्राच्या मधल्या, अंधाऱ्या पाण्यात तरंगणारे आहेत. त्यांतला एक म्हणजे शरीराच्या मानाने प्रचंड जबडा असलेला, शेपटीच्या टोकाशी दिवा बाळगणारा 'गिळू' ईल. दुसरा दोरीसारखा बारीक, चोचीची दोन टोके विरुद्ध दिशांना वळलेला चोच-ईल. त्याच्या पाठीच्या कण्यात सातशेहून जास्त मणके असतात. (तुमच्या कण्यात किती, ते जीवशास्त्राच्या शिक्षकांना विचारा.) याचा अर्थ असा, की नदीतल्या ईलचे पूर्वज खोल समुद्राचे रहिवासी होते. त्यांच्या वंशजांनी खाण्यासाठी नदीची वाट धरली, प्रजननासाठी मात्र जुने घर सोडले नाही.

उष्ण कटिबंधात ही वाट का पडली असेल? उष्ण समुद्राचे भर पाणी निळेशार आणि सुंदर दिसते, पण अन्नाच्या दृष्टीने ते बरेचसे वाळवंट असते. त्या मानाने पावसाळी प्रदेशातल्या नद्या म्हणजे भरलेली कोठारे. शत्रू कमी असलेल्या जागी जन्म आणि अन्न जास्त असलेल्या जागी वाढ, असा हा व्यवहार आहे.

आपल्या समुद्रात खोलवरच राहणाऱ्या ईलही आहेत. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर आणि निसर्ग-अभ्यासक अल्कॉक यांनी १८८९ साली बंगालच्या उपसागराकडच्या खोल पाण्यातून अशा कित्येक जातींचे वर्णन केले. त्यांतल्या एका आखूड, जाड्या ईलला त्यांनी बेडूकडोकी या अर्थाचे नाव दिले. ती ३०० मीटरांखाली राहते. ही यादी अजून संपलेली नाही. केरळच्या किनाऱ्यावर खोल पाण्याच्या जाळ्यांत आलेल्या नमुन्यांवरून बदकतोंड्या ईलची एक नवी जात २०२४ साली नोंदली गेली. पण या ईल जिथे जन्मल्या तिथेच राहतात. अहिराला मात्र नदीतून तिथे पोहोचायचे असते, आणि इथे आमच्या भौतिकशास्त्राचा प्रांत सुरू होतो.

नदीत काही वर्षे काढल्यावर पूर्ण वाढलेल्या ईलमध्ये बदल सुरू होतो. पिवळट रंग जाऊन पाठ काळसर व पोट रुपेरी होते. आतडे आक्रसते, खाणे बंद होते. पुढचा सारा प्रवास अंगातल्या चरबीवर करायचा असतो. डोळे मोठे होतात. एवढेच नव्हे, डोळ्याच्या पडद्यातले प्रकाश टिपणारे रंगद्रव्यही बदलते. युरोपीय ईलवर हे नीट मोजले गेले आहे. नदीच्या गढूळ पाण्यात पिवळा-हिरवा प्रकाश जास्त शिरतो. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषून घेते आणि निळा तेवढा खोल जाऊ देते. त्यानुसार ईलचे रंगद्रव्य वर्णपटाच्या निळ्या बाजूला सरकून सुमारे ४८२ नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वांत संवेदनशील होते. समुद्र पाहण्याआधीच, नदीत असताना, डोळा समुद्रासाठी तयार होतो!

समुद्रात शिरल्यावर ती किती खोल जाते? पॅसिफिकमधल्या व्हानुआतू बेटांवरच्या उष्ण कटिबंधीय ईलच्या अंगाला दाब व तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे बांधून हे पाहिले गेले. ठरलेल्या वेळी यंत्र सुटून वर तरंगते आणि नोंदी उपग्रहाकडे पाठवते. या ईल रात्री साधारण २०० मीटर खोलीवर, तर दिवसा ६०० ते ७०० मीटर खोलीवर पोहत होत्या. रोज पहाटे उतरायचे, रोज संध्याकाळी चढायचे. उजेडात शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून हे चालत असावे. खालच्या थंड पाण्याचाही काही उपयोग असेल, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

आता हिशेब करू. पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरण वाढतो. पृष्ठभागावरचे एक वातावरण धरून २०० मीटरला २१ आणि ७०० मीटरला ७१ वातावरणे झाली. म्हणजे तुमच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे ७३ किलो भार, एक धडधाकट माणूस उभा! मासा चिरडत कसा नाही? कारण त्याचे स्नायू, रक्त हे सारे बहुतांशी पाणी आहे, आणि पाणी दाबले जाता दाबले जात नाही. ७१ वातावरणांना पाण्याचे आकारमान हजारात तीन-साडेतीन भागच कमी होते. आतला दाब बाहेरच्या दाबाएवढा असला की झाले.

अडचण फक्त एका अवयवाची, ती म्हणजे वाताशय. माशाच्या पोटातली ही वायूची पिशवी त्याला पाण्यात तोलून धरते. वायूला बॉइलचा नियम लागू. २०० मीटरवरचे १०० घनसेंटिमीटर वायू ७०० मीटरवर १०० गुणिले २१ भागिले ७१, म्हणजे सुमारे ३० घनसेंटिमीटर उरेल. तोल गेलाच. तुम्ही हे घरी पाहू शकता. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये पाणी भरा, त्यात किंचित हवा भरून गाठ मारलेला छोटा फुगा सोडा, आतली मोकळी हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या दाबा. पाणी हलणार नाही, फुगा मात्र लहान होईल. दट्ट्या मागे ओढा, फुगा फुगेल. ईलच्या वाताशयाला केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. तिथे रक्त आम्लधर्मी केले जाते, त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन सुटून पिशवीत भरला जातो. नदी सोडण्याच्या सुमारास हे जाळे अधिक सक्षम होते, आणि पिशवीच्या भिंतीत ग्वानीन नावाच्या चकचकीत द्रव्याचा थर वाढून वायूची गळती कमी होते. सायकलच्या ट्यूबला पंपही मोठा दिला आणि रबरही जाड केले, असे समजा.

मिठाचा प्रश्न वेगळाच. माशाच्या रक्तात समुद्राच्या सुमारे एक-तृतीयांश क्षार असतात. त्यामुळे नदीत तर्षणाने पाणी अंगात शिरत राहते, तर समुद्रात अंगातले पाणी बाहेर जाऊ पाहते. नदीत ईल पातळ मूत्र भरपूर सोडते. समुद्रात ती खारे पाणी पिते आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकते. एकाच यंत्राची दिशा उलटी फिरते.

अंडी घातल्यावर आई-बाप मरतात. त्यांनी शिकवलेले असे पिलाला काहीच मिळत नाही. डिंभ वरून पडणाऱ्या सेंद्रिय कणांवर, ज्याला 'सागरी हिम' म्हणतात त्यावर, जगतो. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी नसतात, शरीर बहुतांशी पाणीदार जेलीचे असते. त्याची पारदर्शकता समजण्यासाठी एक प्रयोग करा. औषधाच्या दुकानातून ग्लिसरिन आणा आणि त्यात बोरोसिलिकेट काचेची कांडी बुडवा. दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, १.४७ असल्याने कांडी दिसेनाशी होते. डिंभाच्या जेलीचा अपवर्तनांक समुद्राच्या पाण्याच्या जवळ असतो. उघड्या पाण्यात लपायला याहून चांगली जागा नाही. काही महिने असा वाहत तो किनाऱ्याजवळ येतो, आक्रसून गोल, काचेसारखा, ईलच्या आकाराचा होतो आणि नदीत शिरतो.

एवढा प्रवास कळतो कसा? माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे रासायनिकदृष्ट्या आपल्या कोरपन्याच्या चुनखडीचाच भाऊ. त्यावर डिंभावस्थेत रोज एक कडे चढते. सूक्ष्मदर्शकाखाली कडी मोजून वय दिवसांत सांगता येते. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त असल्याने समुद्रातल्या कड्यांत ते अधिक उतरते, नदीतल्या कड्यांत कमी. खडा कापला की माशाची दैनंदिनी वाचता येते.

आता नकाशा काढा आणि वाटेवर बोट ठेवा. पैनगंगा वढ्याजवळ वर्धेला मिळते, वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला. पुढे भद्राचलम, राजमहेंद्री आणि बंगालचा उपसागर. या वाटेवर राजमहेंद्रीजवळ दौलेश्वरमला ऑर्थर कॉटन यांनी १८५२ साली पूर्ण केलेला बांध होता, त्याच्या जागी आता नवा बंधारा आहे. पोलावरमला मोठे धरण बांधले जात आहे. सिरोंच्याच्या खालच्या अंगाला मेडिगड्डा बंधारा २०१९ साली सुरू झाला; ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. शेतीला पाणी हवेच, यात वाद नाही. पण अहिराचे पिल्लू पाच-सहा मीटर उंच कोरडी काँक्रीटची भिंत चढू शकत नाही. ओली, शेवाळलेली, खरखरीत भिंत मात्र ते चढते. म्हणून युरोपात, न्यूझीलंडमध्ये बंधाऱ्यांच्या कडेला ब्रशचे केस लावलेल्या, पाणी झिरपणाऱ्या उतरत्या पन्हळी ठेवतात. खर्च धरणाच्या मानाने नगण्य. उतरणाऱ्या मोठ्या ईलची अडचण जास्त कठीण, कारण वीजनिर्मितीच्या चक्रात लांब शरीर सापडण्याचा धोका अधिक. अहिर आज जागतिक यादीत 'धोक्याच्या जवळ' या वर्गात आहे.

वर्धा-पैनगंगेपर्यंत अहिर पूर्वी किती येत होता, हे ज्यांना सांगता येईल ती माणसे पुस्तकात नाहीत, आपल्या गावांत आहेत. तुमच्या गावातल्या सर्वांत वयस्कर ढीवरकाकांकडे वही घेऊन जा. "वाम येत होती का" असे विचारू नका, ते हो म्हणतील आणि काट्याच्या वामीबद्दल बोलतील. पाठीला काटा नसलेली, ठिपक्यांची, हातातून निसटणारी मोठी वाम कधी पाहिली का, असे विचारा. पाहिली असेल तर कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, पूर येण्याआधी की नंतर, हाताने लांबी केवढी दाखवतात, आणि शेवटची केव्हा, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. साल आठवले नाही तर कोणता पूर, कोणाचे लग्न, कोणता बंधारा बांधला जात होता, त्यावरून काढा. जिवंत अहिर जाळ्यात आलाच तर पाठीवरून बोट फिरवा, पट्टीने लांबी घ्या, पोट रुपेरी आहे की पिवळे ते पाहा, आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडा. पोट रुपेरी असेल तर तो खाली निघाला आहे.